जगदेवीची कोंबडी

मुरुडच्या बाजारात जगदेवीचा आवाज माहीत नाही असा माणूस नव्हता. नवरा शरणप्पा ऐन उमेदीत पटकीच्या साथीत गेला, तेव्हा त्यानं मागं ठेवलं ते मीठ-मिरचीचं लहानसं दुकान आणि बसवराज नावाचं अंगावरचं लेकरू. दुकान म्हणजे घराचाच ओटा. त्या ओट्यावर बसल्या बसल्या जगदेवी बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकाशी बोले. ती कुजबुजली तरी शेजारची म्हैस कान टवकारते, असं लोक म्हणत. आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

आवाज मोठा, पण मन निर्मळ. सकाळी जिच्याशी कडाकडा भांडे, तिच्याच घरी संध्याकाळी ताकाचा तांब्या घेऊन जाई. लिंगायत वाण्याचं शाकाहारी घर. कपाळाला विभूती लावल्याशिवाय चूल पेटत नसे आणि सोमवारी महादेवाला गेल्याशिवाय घास तोंडात जात नसे. महादेवाशीसुद्धा ती मोठ्यानंच बोले. गुरव एकदा म्हणाला, "जगदेवीबाई, देव बहिरा न्हाई." त्यावर ती म्हणाली, "मग ऐकत का न्हाई?"

असल्या आईच्या पोटी बसवराज जन्माला आला होता तो मात्र शांत, लाजरा आणि अभ्यासात हुशार. निजामी अंमलातले ते दिवस. गावच्या शाळेतली शेवटची इयत्ता झाली की वर्षातून एकदा लातूरहून परीक्षा घेणारे साहेब येत. त्यांच्यापुढं जो पास होई, त्याला लातूरच्या मोठ्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, जागा मिळे. जो त्या दिवशी हजर नसेल, त्याचं वर्ष बुडे. आणि गरिबाच्या पोराचं वर्ष बुडालं म्हणजे शाळाच बुडाली असं समजायचं.

बसवराजच्या परीक्षेच्याच दिवशी गावात कुठल्याशा बड्या साहेबाचा दौरा येऊन पडला. घोडे आले, तंबू आले, सामानाची बासनं आली, आणि ती पुढच्या मुक्कामाला हलवायची म्हणून साहेबाचे जवानही आले. सकाळपासून बाजारात धावपळ होती. बसवराजला त्याचं काही नव्हतं. तो महादेवाच्या पाया पडून, पाटी बगलेत धरून, मनातल्या मनात पाढे म्हणत बाजारातून शाळेकडे निघाला होता.

समोर पाहतो तर गर्दी. आणि गर्दीच्या मधोमध त्याची माय! तिनं एका मिशाळ जवानाचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता आणि ती आभाळ फाटेल अशा आवाजात ओरडत होती, "माझी कोंबडी! लाल पिसाची कोंबडी! कुठं लपिवलीस सांग! सोडणार न्हाई मी तुला!"

"ए बाई, छोड! कैसी मुर्गी? किसकी मुर्गी?" जवान बिचारा पट्टा सोडवायला बघत होता.

"किसकी म्हणतोस? माझी! अंड्यावर बसली होती रे, मुडद्या!"

लोक पोट धरून हसत होते. कुणीतरी मागून म्हणालं, "अगं जगदेवी, वाण्याच्या घरी कोंबडी कधीपास्नं आली?" त्यावर आणखी हशा उसळला. दुसरा एक जवान भांडण सोडवायला आला, तर तिनं त्याच्याही बाहीला हात घातला. "ह्याच्या पोटात गेली असंल! पोट दाखव!"

तेवढ्यात तिची नजर बसवराजवर पडली. त्याला वाटलं, आता तरी लेकराकडे बघून ती गप्प बसेल. पण त्याला पाहिल्यावर तिनं आवाज असा काही चढवला की दोन्ही जवानांनी कानांवर हात ठेवले. बसवराजचे कान लालबुंद झाले. ही आपली माय आहे हे कुणी आपल्याकडे बघून ओळखू नये, एवढंच त्याच्या मनात आलं. मान खाली घालून तो कुंभारगल्लीत शिरला आणि मागच्या बाजूनं शाळेत जाऊन बसला.

परीक्षेत तो पहिला आला. पण गावानं त्याच्या पहिल्या नंबरापेक्षा त्या कोंबडीचाच जास्त गाजावाजा केला. लिंगायताच्या घरची कोंबडी! पोरं त्याला पाहिलं की 'कुकूच कू' करत. परीक्षेच्या रात्री तो जेवला नाही. जगदेवीला वाटलं, परीक्षेनं दमलं लेकरू. त्यानं विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

पुढं लातूरला तो एका मठात राहिला, वार लावून जेवला आणि शिकला. तिथं त्याला एक नवं जग भेटलं. वर्गात पाऊल टाकताना सलाम करायचा, मोठ्यांपुढं आवाज चढवायचा नाही, 'पाणी दे' म्हणायचं नाही, 'पाणी इनायत करा' म्हणायचं. ही अदब त्याला फार मानवली. हळू बोलणारी माणसं त्याला मोठी वाटू लागली, आणि मोठ्यानं बोलणारी लहान. सुट्टीला मुरुडला गेला की मोटारीच्या अड्ड्यावरूनच आईचा आवाज ऐकू येई आणि त्याचे खांदे आपोआप आखडत. त्याचं आईवर प्रेम नव्हतं असं नाही. त्याला फक्त ती जरा हळू आवाजात हवी होती.

मास्तरकीचं शिक्षण संपवून तो मुखेडच्या शाळेत नोकरीला लागला. शाळेला तेव्हा तहतानिया मदरसा म्हणत. तहतानिया म्हणजे प्राथमिक. दोन खोल्या, पुढं निंबाचं झाड, मागं बोळ. अंगात काळी शेरवानी, डोक्यावर गोंड्याची लाल रूमी टोपी घालून बसवराज मास्तर शाळेत निघाले की बाया दारातून बघत. शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, होते मकसूद साहेब. पिकलेली दाढी, सुरमा घातलेले डोळे, आणि आवाज इतका मऊ की पोरं ऐकायला पुढं सरकून सरकून त्यांच्या पायाशी येत. बसवराजनं मनाशी ठरवलं, आपण असंच व्हायचं.

नोकरी कायम झाली तसं त्यानं आईला मुखेडला बोलावून घेतलं. तिनं दुकान दिराच्या सुनेला देऊन टाकलं, पोथी आणि पाटा-वरवंटा बांधला आणि आली. मोटार थांबायच्या आधी तिचा आवाज खाली उतरला.

"बसूऽऽ! ए बसूऽऽ! ही मोटार हाय का चाळण रे? सगळी हाडं चाळून निघाली माझी!"

अड्ड्यावरचा चहावाला हसला. मास्तरांच्या डोक्यावरच्या टोपीकडे बघून जगदेवी म्हणाली, "आन् हे काय, डोईवर तांब्या पालथा घालून आलास!" चहावाल्याला हसू आवरेना.

बिऱ्हाड शाळेच्या मागच्या बोळात होतं, मकसूद साहेबांच्या घराला लागून. मधे कमरेएवढी भिंत. साहेबांच्या बीबीचं नाव बेगमबी. त्या पडद्यात राहत, बाजार त्यांना ठाऊक नव्हता. चार दिवसांत जगदेवीनं भिंतीवरून त्यांच्याशी अशी गट्टी जमवली की बाजारच घरी येऊ लागला. बोळातून कुणी कोथिंबीर घेऊन गेलं की जगदेवी ओरडे, "ए कोथिंबीरवाले, इकडं ये! बेगमबीला दाव! शिळी असली तर परत जाताना मी हाय हिथं!" बेगमबी पदराआड हसत. त्या म्हणत, "जगदेवीबाई आल्यापास्नं मला घरबसल्या मुखेड दिसून राहिलं."

अडचण एवढीच होती, की शाळेची मागची खिडकी ह्याच बोळात उघडत होती.

बसवराज फळ्यावर बेरीज मांडत असे आणि खिडकीतून आवाज येई, "ही बोरं इकून राहिलीस का बोरातल्या आळ्या?" वर्ग खिदळे. मास्तर खिडकी लावून घेत. बंद खिडकीला तो आवाज जुमानत नसे.

एके दिवशी त्यानं आईला समजावून सांगितलं. "माय, जरा हळू बोलत जा. इथं मी मास्तर हाय. लोक नाव ठेवतात."

"कोण ठेवतं?"

"कुणी ठेवत नाही. पण ठेवतील."

"बरं," ती म्हणाली.

तिनं प्रयत्न केला, अगदी मनापासून. पण हळू बोलणं तिला जमेना, म्हणून तिनं बोलणंच सोडून दिलं. हातवाऱ्यांनी भाजी घेतली. बोळात शिरलेल्या म्हशीला नुसते डोळे वटारले. घर असं सुन्न झालं की तिसऱ्या प्रहरी बेगमबींनी भिंतीपलीकडून कुराणातली दुआ पढून फुंकलेलं पाणी पाठवलं आणि विचारलं, बाईंची तबियत काय बिघडली? संध्याकाळी बोळात एका बैलगाडीचा कणा मोडला, तेव्हा जगदेवीचा सगळा तुंबलेला आवाज एकदम बाहेर पडला आणि गाडीवानासकट सगळ्यांना हायसं वाटलं. बसवराजला मात्र वाटलं नाही.

आणि मग तो दिवस आला.

दोन आठवड्यांनी शाळेला मोहतमीम साहेब भेट देणार असा निरोप होता. मोहतमीम म्हणजे शाळा तपासणारा अधिकारी. पोरं आधीच बिथरलेली, त्यात मागच्या बोळात जगदेवीचं एका कल्हईवाल्याशी वाजलेलं. एक पोरगं तिची नक्कल करू लागलं आणि सगळा वर्ग कलकलू लागला. छडी उगारणं बसवराजला आवडत नसे. त्यानं ठरवलं, एक गोष्ट सांगायची. अशी गोष्ट, की पोरांना गप्प बसण्याचं मोल कळेल.

"ऐका," तो मकसूद साहेबांच्या आवाजात म्हणाला. "एक माळ होता. माळावर पुष्कळ पक्षी राहायचे. राघू यायचा, तो अदबीनं 'आदाब' म्हणायचा. पारवा हळूच घुमायचा. होला तर आपल्या सावलीलासुद्धा ऐकू जाणार नाही असा बोलायचा. फक्त एक टिटवी होती, ती सारखी ओरडायची. टिटिव् टिव्! टिटिव् टिव्! सगळे पक्षी तिला कंटाळले."

वर्ग गप्प झाला. बसवराजला बरं वाटलं.

"राघू म्हणाला, बाई, जरा हळू बोला. टिटवीनं ऐकलं नाही. मग तिला कुणी लग्नाला बोलवेना, बारशाला बोलवेना. शेवटी ती एकटी पडली. तेव्हा मुलांनो, जो फार ओरडतो—"

"पर मास्तर," भिंतीजवळून आवाज आला. गोदावरी नावाची एक चिमुरडी होती, शेतकऱ्याची लेक. चार भावांच्या पाठीवर झालेली म्हणून बापानं कौतुकानं शाळेत घातलेली. "ती वरडत का होती?"

"तिला सवयच होती."

"न्हाई." गोदावरीनं मान हलवली. "टिटवी उगं वरडत न्हाई. तिचं पिल्लू असंल जवळपास."

"हाव मास्तर!" मागचा एक पोरगा उठला. "आमच्या माळावर हाय टिटवी. झाडावर घरटं न्हाई करत ती, भुईवरच ऱ्हाते. कुत्रं आलं की लांब पळत जाऊन वरडती. कुत्रं तिच्याकडं जातंय, आन् पिल्लू इकडंच ऱ्हातंय."

"पंख मोडल्यावानी करती," तिसरा म्हणाला. "लंगडती. लई नाटकी हाय."

सगळा वर्ग एकदम बोलू लागला. राघूचं आणि पारव्याचं कुणालाच काही पडलेलं नव्हतं. पोरांना गोष्टीत पिल्लू पाहिजे होतं. बसवराजनं हात वर केले. "बरं बरं. होतं. एक पिल्लू होतं तिला."

"मग तसं आधी सांगायचं की," गोदावरी म्हणाली आणि मांडी घालून नीट बसली.

आता गोष्ट पुढं नेणं भाग होतं. बसवराज बोलू लागला. बोलता बोलता त्याला स्वतःलाच मजा वाटू लागली. "पिल्लाला आपल्या आईची फार लाज वाटायची. होल्याची आई किती हळू बोलते, आणि आपली आई बघा! राघूची पिल्लं त्याला हसायची. एके दिवशी काय झालं, माळावर कोल्हा आला. भुकेला, लांब जिभेचा. दगड हुंगत हुंगत तो पिल्लाच्या वाटेनं येऊ लागला. पिल्लाला ठाऊकच नव्हतं, ते आपल्याच नादात चाललं होतं. टिटवीनं ते पाहिलं. ती कोल्ह्याच्या अगदी तोंडासमोर गेली. पंख खाली टाकला, मोडल्यासारखा. आणि ओरडू लागली. अशी ओरडली, अशी ओरडली, की सगळा माळ बघायला लागला. राघू हसले, पारवे हसले. कोल्हा तिच्या मागं लागला. तेवढ्यात तिला पिल्लू दिसलं. तिनं आणखी आवाज चढवला."

"मग? पिल्लानं काय केलं?"

"पिल्लानं..." बसवराज म्हणाला. "पिल्लाला लाज वाटली. सगळे हसत होते ना. म्हणून मान खाली घालून ते... दगडाच्या आड गेलं. मागच्या बाजूनं."

आणि तो थांबला.

पोरं वाट बघत होती. मास्तरांच्या हातात खडू होता, तो तसाच राहिला. बसवराजला मुरुडचा बाजार दिसत होता. मिशाळ जवान दिसत होता. त्या जवानाच्या मागं, इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती अशी एक गोष्ट दिसत होती: खांद्यावर बासनं दिलेली, रस्त्यातून धरून आणलेली गावची माणसं, आणि त्यांत त्याच्या वयाची दोन पोरं. दौरा आला की हाताला लागेल त्याला जवान वेठीला धरत आणि मुक्काम दर मुक्काम ओझी वाहायला लावत. हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्या दिवशी मात्र त्याला हशा सोडून काही ऐकू आलं नव्हतं.

"मास्तर, मग काय झालं?"

"मग..." बसवराजनं खडू खाली ठेवला.

गोदावरीनं थोडा वेळ वाट पाहिली आणि गोष्ट आपल्या हातात घेतली. "मग काय, टिटवी भुर्रकन उडाली. कोल्हा बसला आ वासून. आन् पिल्लाला जाऊन म्हणली, चल बाळा, जेवायला."

वर्गानं टाळ्या वाजवल्या. मधली सुट्टी झाली. पोरं 'टिटिव् टिव्' करत बाहेर पळाली आणि मास्तर शेरवानीची बटणं सोडत बोळात शिरले.

जगदेवी ओसरीवर तूर निवडत बसली होती. कल्हईवाल्याशी भांडण मिटलं असावं, कारण तो तिच्याच दारात बसून भाकरी खात होता. बसवराज आत गेला, पाणी प्यायला, परत बाहेर आला. कल्हईवाला तांब्या उचलून गेल्यावर तो आईशेजारी बसला.

"माय, आपल्या घरी कधी कोंबडी होती का गं?"

"शिव शिव!" जगदेवीनं सूप खाली ठेवलं. "वाण्याच्या घरी कोंबडी? ऊन लागलं का तुला?"

"मग त्या दिवशी बाजारात... माझ्या परीक्षेच्या दिवशी..."

जगदेवी एकदम हसत सुटली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आगं बया, ते व्हय! आरं, ते जवान माणसं धरून राहिले होते न्हवं का. तुकारामाचा पोरगा धरला, कुंभाराचा धरला. आन् समोरून तू! पाटी बगलेत, मान खाली, तोंडानं पाढे. हाक मारावी तर त्यांचंबी ध्यान जाईल तुझ्याकडं. काय करावं? म्हणलं, ह्यांनी माझ्याकडं बघावं. धरला पट्टा, आन् तोंडात आलं ते वरडले."

"पण कोंबडी?"

"आता कोंबडीच का आली ते महादेवाला ठावं! म्हैस म्हणले असते तर लोकं म्हैस हुडकायला लागली असती. दौऱ्यावाले कोंबड्या उचलत्यात, ते डोक्यात असंल." तिनं पदरानं डोळे पुसले. "काळीज असं उडून राहिलं होतं माझं. पर तू बरोबर कुंभारगल्लीत शिरलास. तवाच म्हणलं, माझं लेकरू लई शहाणं. न सांगता वळखलं."

बसवराजला वाटलं, आता गप्प बसावं. तिचं समाधान का मोडायचं? पण त्याला गप्प बसवेना.

"माय, मला तवा काहीच कळलं नव्हतं गं."

"मग गल्लीत कशापायी शिरलास?"

तो सुपातली तूर बोटानं इकडची तिकडं करत राहिला. जगदेवीनं त्याच्याकडे पाहिलं. लेकराच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या तिला दिसल्या, त्या दिवशीसारख्याच.

"कशानं का व्हईना," ती म्हणाली, "शिरलास न्हवं? झालं तर मग. ती तूर सांडू नगंस."

आणि लगेच तिनं दारात आलेल्या गाईला अशी हाक घातली की गाय दोन पावलं मागं सरली. बसवराजला हसू आलं. हसता हसता तिच्या खांद्यावर त्यानं डोकं टेकलं. मोठा झाल्यापासून त्यानं असं केलं नव्हतं. "काय झालं रे? ताप न्हाई न्हवं?" म्हणत तिनं त्याचं कपाळ चाचपून पाहिलं.

गोष्ट एवढ्यावर राहिली नाही. पोरांनी ती घरोघर नेली. आठवडाभर मुखेडमध्ये दिवेलागणीला टिटव्या ओरडत होत्या. एका पोरानं आईला विचारलं, "माय, तू माझ्यावर वरडतीस ते कोल्ह्यामुळं का?" आई म्हणाली, "हाव, आन् तो कोल्हा तुझा बाप हाय." दुसऱ्या एका बाईच्या पोरानं न सांगता पाणी भरून ठेवलं, तेव्हा ती बाई घाबरून शाळेत आली. तिला वाटलं, पोरानं काहीतरी मोठा पराक्रम केलेला आहे आणि तो आता बाहेर पडणार. मकसूद साहेबांनी तिला बसवून सगळी गोष्ट सांगितली. ती डोळे पुसत गेली.

साहेबांच्या तोंडून गोष्ट बेगमबींकडे आणि भिंतीवरून जगदेवीकडे आली. जगदेवीनं ती नीट ऐकून घेतली आणि संध्याकाळी लेकाला म्हणाली, "चांगली हाय. पर तुझी टिटवी लई हळू वरडती. कोल्ह्याला ऐकू तरी जाईल का?"

बसवराजनं दुसऱ्या दिवशी आईला वर्गात आणायची मकसूद साहेबांकडं इजाजत मागितली. साहेब हसले. "मास्टर, इजाजत कसली? तशरीफ आणू द्या त्यांना. आम्ही भिंतीआडून ऐकतोच रोज, आता समोर बसून ऐकू."

जगदेवी धुवट लुगडं नेसून, विभूती लावून शाळेत आली. सुरुवातीला जरा बुजली. पण गोदावरी म्हणाली, "आज्जी, वरड की," आणि मग निंबाच्या झाडावरचे सगळे पारवे एकदम उडाले. शेजारच्या खोलीतला वर्ग पळत येऊन दारात उभा राहिला. तिनं पंख ओढला, लंगडली, कोल्ह्याला शिव्या दिल्या, त्यातल्या काही मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं. पोरं जमिनीवर लोळून हसली. बसवराज मास्तर शेरवानी-टोपीसकट पोरांमध्ये मांडी घालून बसले होते, आणि हसून हसून त्यांचा गोंडा हलत होता.

मोहतमीम साहेब आले तेव्हा सगळं शांततेत झालं. ते शाळा बघून खूश होऊन गेले. त्यांना टिटवी ऐकवायची गोदावरीची फार इच्छा होती, पण मकसूद साहेबांनी तिला डोळ्यांनी दटावलं.

दोन-चार वर्षांनी बसवराजची बदली नांदेडला झाली. निरोपाच्या दिवशी बेगमबी पडद्यातून बाहेर अंगणात आल्या आणि जगदेवीच्या गळ्यात पडून रडल्या. "आता मला बाजार कोण दाखवील?" एवढंच त्या म्हणत राहिल्या. जगदेवी मोटारीत बसेपर्यंत एक शब्द बोलली नाही, आणि मोटार सुरू झाल्यावर इतक्या मोठ्यानं रडली की ड्रायव्हरनं मोटार थांबवली.

नांदेडला गोदावरी नदीच्या काठी त्यांना घर मिळालं. जगदेवीला नदी फार आवडली. इथं कितीही मोठ्यानं बोललं तरी पाणी सगळं वाहून नेतं, असं ती म्हणे. बसवराज संध्याकाळी शाळेतल्या मंडळींबरोबर घाटावर फिरायला जाई. शायरीच्या, राजकारणाच्या, बदल्यांच्या गोष्टी चालत. सगळे शेरवानीतले, सगळे मोजकं बोलणारे.

अशाच एका संध्याकाळी घाटाच्या वरच्या पायरीवरून हाक आली. "बसूऽऽऽ! भाकरी गार व्हऊन राहिलीऽऽ!"

पाण्यातली म्हैस वळली. नावेतला माणूस वळला. शेरवानीतली सगळी मंडळी वळली आणि एकमेकांकडे बघून हळूच हसली. बसवराजनं टोपी सारखी केली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि छाती भरून ओरडला, "आलो गं मायऽऽऽ!"

पलीकडच्या काठावरून तो आवाज परत आला.

तो पायऱ्या चढून वर पोचला, तर जगदेवी कमरेवर हात ठेवून उभी होती. "येवढ्यानं वरडतोस कशापायी?" ती म्हणाली. "मी काय बहिरी हाय?"